पृथ्वीचे अदृश्य पुच्छ

धूमकेतूला पुच्छ असते हे लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु आपल्या पृथ्वीलाही एक पुच्छ आहे, आणि धूमकेतूच्या पुच्छाप्रमाणेच तेही सदैव सूर्याच्या विरुद्ध दिशेस पसरलेले असते, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षितांच्याही वाचनात आलेली नसते. हे पुच्छ धुळीचे वा वायूचे नाही; ते चुंबकीय क्षेत्राचे आहे, आणि म्हणून ते डोळ्यांना दिसत नाही. चंद्र आपल्यापासून सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. हे पुच्छ त्याच्याही कितीतरी पलीकडे गेलेले आहे. मध्यरात्री आपण अंगणात उभे राहून आकाशाकडे पाहतो तेव्हा आपली दृष्टी ह्या पुच्छाच्याच दिशेने गेलेली असते.

ह्या अदृश्य पुच्छात विजेचा भार असलेले सूक्ष्म कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, प्रोटॉन आणि इतर आयन, मूळच्या शेकडो पट ऊर्जा मिळवितात. ती त्यांना कोण देते, आणि कशी देते? शास्त्रज्ञांना ह्या प्रश्नाने साठ वर्षांहून अधिक काळ गुंतवून ठेवले आहे. त्याचे उत्तर समजून घेण्यास फार मोठे गणित लागत नाही. शाळेत शिकलेले चुंबकत्व आणि थोडा धीर एवढे पुरते, असा आमचा विश्वास आहे.

हिशेब जुळत नाही

नॉर्वे, आइसलँड, कॅनडा, अलास्का अशा उत्तरेकडील प्रदेशांत रात्रीच्या आकाशात हिरवे, तांबडे, जांभळे पडदे हेलकावतात. ह्यालाच ध्रुवीय प्रकाश म्हणतात. त्याचे शालेय पुस्तकांतील स्पष्टीकरण साधारणतः असे असते : सूर्याकडून विद्युत्भारित कण येतात, पृथ्वीचे चुंबकत्व त्यांना ध्रुवांकडे वळविते, तेथे ते हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन ह्यांच्या अणुरेणूंवर आदळतात आणि त्यांतून प्रकाश बाहेर पडतो. ह्या स्पष्टीकरणाचा शेवट बरोबर आहे. आरंभ मात्र अपुरा आहे. तो अपुरा आहे हे कणांच्या ऊर्जेचा हिशेब मांडला की लगेच लक्षात येते.

अशा कणांची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्ट ह्या एककात मोजतात. एक इलेक्ट्रॉन एक व्होल्ट दाबातून गेला असता त्याला जी ऊर्जा मिळते ती एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट. टॉर्चच्या एका सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. जुन्या दूरदर्शन संचाच्या चित्रनलिकेत इलेक्ट्रॉनांना पंधरा-वीस हजार व्होल्टांचा दाब देऊन पडद्यावर आदळवीत असत, तेव्हा पडदा उजळे. आता पाहा : सूर्याकडून पृथ्वीजवळ येणाऱ्या इलेक्ट्रॉनाची ऊर्जा असते अवघी दहा इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या आसपास. ध्रुवीय प्रकाश उजळविणाऱ्या इलेक्ट्रॉनाची ऊर्जा मात्र एक हजारापासून दहा हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टांपर्यंत भरते. म्हणजे चित्रनलिकेतील इलेक्ट्रॉनाच्या जवळपास. दहा रुपये घेऊन घरून निघालेल्या माणसाच्या खिशात मुक्कामी पोचल्यावर हजारो रुपये निघाले, तर वाटेत कोठे तरी त्यात भर पडली हे उघड आहे. ही भर मुख्यतः पडते ती पृथ्वीच्या ह्या पुच्छामुळे.

सूर्याचा वारा

पुच्छाची कहाणी सौरवाऱ्यापासून सुरू होते. नॉर्वेचे शास्त्रज्ञ क्रिस्तिआन बिर्कलांड ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी निर्वात पेटीत एक चुंबकीय गोल टांगला आणि त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला, तेव्हा त्या छोट्या ‘पृथ्वी’च्या ध्रुवांभोवती प्रकाशाची वलये दिसली. ध्रुवीय प्रकाशामागे सूर्याकडून येणारे विद्युत्कण आहेत, असा त्यांनी तर्क केला. १९१७ साली तोक्यो येथे त्यांचे निधन झाले, तोपर्यंत त्यांचे म्हणणे सर्वमान्य झालेले नव्हते.

पुढे १९५८ साली अमेरिकेतील तरुण शास्त्रज्ञ यूजीन पार्कर ह्यांनी गणिताने दाखविले की, सूर्याचे तप्त वातावरण स्वस्थ बसूच शकत नाही; ते सतत चोहोंकडे वाहत राहिले पाहिजे. ह्या प्रवाहाला त्यांनी ‘सौरवारा’ हे नाव दिले. त्यांचा लेख ज्या नियतकालिकाकडे गेला त्याचे संपादक होते आपले सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर. दोन्ही परीक्षकांनी लेख नाकारला. चंद्रशेखरांनाही ती कल्पना पटलेली नव्हती. पण गणितात चूक सापडत नाही एवढ्या एकाच कारणास्तव त्यांनी तो लेख छापला. स्वतःला न पटणारे परंतु तर्कशुद्ध असे मत छापण्याची ही वृत्ती संपादकांनी व शिक्षकांनीही ध्यानात ठेवावी अशी आहे. १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या ‘मरिनर-२’ ह्या यानाने सौरवारा महिनोन्‌महिने मोजला आणि वाद मिटला.

हा वारा सेकंदाला सुमारे चारशे किलोमीटर वेगाने वाहतो. मात्र तो अत्यंत विरळ असतो. पृथ्वीजवळ त्याच्या एका घन सेंटिमीटरमध्ये पाचेक प्रोटॉन आणि तितकेच इलेक्ट्रॉन असतात. असा विद्युत्भारित कणांचा वायू म्हणजे आयनद्रायू. तो आपल्याबरोबर सूर्याचे थोडेसे चुंबकीय क्षेत्रही वाहून आणतो. हे क्षेत्र दुबळे असते. परंतु पुढील सगळ्या घडामोडींत त्याचे महत्त्व मोठे आहे.

पुच्छ तयार होते कसे

पृथ्वी हा एक मोठा चुंबक आहे. पट्टीचुंबकाभोवती लोखंडाचा कीस टाकला की ज्या वक्र रेषा उमटतात, तशाच रेषांनी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र दाखविता येते. रेषा काल्पनिक आहेत, क्षेत्र मात्र खरे आहे, एवढे ध्यानात ठेवले की पुरे. सौरवारा ह्या क्षेत्रावर समोरून आदळतो व त्याला दाबतो. सूर्याकडील बाजूस पृथ्वीचे क्षेत्र सुमारे ६५,००० किलोमीटरपर्यंतच टिकाव धरते, म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे दहापट. मागील, म्हणजे रात्रीच्या बाजूस मात्र वारा त्या रेषांना ओढत नेतो. पूर आलेल्या नदीत उभ्या असलेल्या खांबामागे पाण्याची लांब शेपूट पडते, तद्वत पृथ्वीमागे चुंबकीय पुच्छ पडते. १९६३ च्या नोव्हेंबरमध्ये सोडलेल्या एका अमेरिकन उपग्रहाच्या नोंदींवरून नॉर्मन नेस ह्यांनी १९६५ साली ह्या पुच्छाची रचना प्रथम स्पष्टपणे मांडली.

पुच्छाची रुंदी अडीच लाख किलोमीटरच्या घरात असते. त्याचे दोन भाग असतात. उत्तरेकडील भागात चुंबकीय रेषा पृथ्वीकडे येणाऱ्या असतात, दक्षिणेकडील भागात पृथ्वीपासून दूर जाणाऱ्या. दोन परस्परविरुद्ध क्षेत्रे अशी एकमेकांवर पालथी घातल्यासारखी असतात, आणि दोहोंच्या मध्ये आयनद्रायूचा एक चपटा थर असतो. ह्या थराच्या अगदी मध्यावर विरुद्ध क्षेत्रे एकमेकांना जवळजवळ नाहीशी करतात. आपल्याकडे जमिनीवर पृथ्वीचे क्षेत्र सुमारे चाळीस हजार नॅनोटेस्ला असते; पुच्छात ते वीस नॅनोटेस्लांच्या आसपास, म्हणजे दोन हजारांशाने, आणि मध्यावर त्याहूनही कमी. इतक्या दुबळ्या क्षेत्रातून एवढी ऊर्जा निघते, ती केवळ त्याच्या अवाढव्य विस्तारामुळे.

चुंबक स्वतः ऊर्जा देत नाही

येथे एक महत्त्वाचा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. चुंबकीय बल चालत्या कणाला वळविते, परंतु त्याचा वेग वाढवीत नाही. दोरीला बांधून फिरविलेल्या दगडाप्रमाणे कण चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेतो; दोरी त्याची दिशा पालटते, गती वाढवीत नाही. मग पुच्छातील कणांना ऊर्जा मिळते कशी?

उत्तर मायकेल फॅरडे ह्यांनी १८३१ सालीच देऊन ठेवले आहे. चुंबकीय क्षेत्र बदलू लागले की विद्युत्क्षेत्र निर्माण होते. सायकलच्या डायनॅमोतील चुंबक स्थिर असेपर्यंत दिवा लागत नाही. चाक फिरू लागले की लागतो. कणाला ढकलते ते विद्युत्क्षेत्र. म्हणून पुच्छात ऊर्जा कोठून येते, ह्या प्रश्नाचा खरा अर्थ असा : तेथील चुंबकीय क्षेत्र केव्हा आणि कसे बदलते?

साठवण आणि स्फोट

ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स डंगी ह्यांनी १९६१ साली ह्याची गुरुकिल्ली सुचविली. सौरवाऱ्याबरोबर येणारे चुंबकीय क्षेत्र कधी उत्तरेकडे तर कधी दक्षिणेकडे वळलेले असते. ते दक्षिणेकडे वळलेले असते तेव्हा पृथ्वीच्या समोरील बाजूच्या उत्तराभिमुख क्षेत्राच्या ते नेमके उलट असते. अशी दोन उलट क्षेत्रे एकमेकांवर दाबली गेली की तेथील रेषा तुटून नव्या जोडीने पुन्हा सांधल्या जातात. ह्याला चुंबकीय पुनर्जोडणी म्हणतात. पृथ्वीच्या रेषांचे टोक अशा रीतीने सौरवाऱ्याशी बांधले गेले की वारा त्यांना ध्रुवांवरून ओढीत मागे नेतो आणि पुच्छात त्यांची भर घालतो.

हा क्रम अर्धा-पाऊण तास, कधी तासभर चालतो. पुच्छात रेषांची दाटी होते, ते लांब ताणले जाते, मधला थर दाबून पातळ होत जातो. मुलांच्या गलोलीचे रबर मागे ओढावे तशी ही अवस्था असते. ऊर्जा साठलेली असते, पण अद्याप काही घडलेले नसते. मग थर पुरेसा पातळ झाला की पुच्छाच्या मध्यावर, पृथ्वीपासून सव्वा लाख किलोमीटरच्या सुमारास, उत्तरेकडील व दक्षिणेकडील विरुद्ध रेषा पुन्हा तुटतात आणि सांधल्या जातात. नव्या सांध्याच्या अलीकडचा भाग सोडलेल्या रबरासारखा पृथ्वीकडे झेपावतो. पलीकडचा भाग आयनद्रायूचा मोठा गोळा घेऊन अवकाशात निघून जातो. तासभर साठविलेली ऊर्जा काही मिनिटांत मोकळी होऊ लागते. ह्या घटनेला चुंबकीय उपवादळ म्हणतात. जपानमध्ये जन्मलेले व अलास्कात काम केलेले शास्त्रज्ञ स्युन-इचि आकासोफु ह्यांनी १९६४ साली आकाशाच्या छायाचित्रांवरून त्याची क्रमवार ओळख करून दिली होती.

२३ मार्च २००७ रोजी अलास्का व कॅनडावर झालेल्या अशा एका उपवादळाची ऊर्जा शास्त्रज्ञांनी मोजली. दोन तासांत सुमारे पाचावर चौदा शून्ये इतके जूल ऊर्जा मोकळी झाली. विजेच्या बिलाच्या भाषेत सांगायचे तर ही जवळजवळ चौदा कोटी युनिटे होतात. मूळ भांडवल सूर्याचेच, सौरवाऱ्याच्या गतीचे. परंतु ते साठवून एकदम वाटून टाकणारी पेढी म्हणजे पृथ्वीचे पुच्छ.

कणांना ऊर्जा मिळण्याच्या वाटा

आता एकेका कणाकडे पाहू. पुच्छातील कणाला ऊर्जा मिळण्याच्या वाटा अनेक आहेत. त्यांतील चार मुख्य आहेत.

पहिली वाट मधल्या थरातून आडवी जाते. सौरवारा व पुच्छ ह्यांच्या परस्परसंबंधामुळे पुच्छाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, म्हणजे पहाटेच्या बाजूकडून सायंकाळच्या बाजूकडे, साधारण पन्नास हजार व्होल्टांचा दाब असतो. इतरत्र कण चुंबकीय रेषेभोवती घट्ट गिरक्या घेत असल्यामुळे त्याला ह्या दाबाचा लाभ घेता येत नाही. पण मध्यावर क्षेत्र जवळजवळ शून्य असल्यामुळे गिरकी सैल पडते आणि कण नागमोडी वाटेने आडवा सरकू लागतो. प्रोटॉन सायंकाळच्या बाजूला, इलेक्ट्रॉन पहाटेच्या बाजूला. रुंदीचा दहावा हिस्सा जरी पार केला तरी पाच हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टांची कमाई होते. ही नागमोडी वाट थिओडोर स्पायझर ह्यांनी १९६५ साली गणिताने दाखविली.

दुसरी वाट पुनर्जोडणीच्या जागेजवळ असते. नव्याने सांधलेली, कोनासारखी वाकलेली रेषा सरळ होताना आपल्याबरोबर आयनद्रायूला फेकते. गलोलीतून खडा सुटावा तसे कण बाहेर पडतात. पृथ्वीकडे येणारे असे प्रवाह सेकंदाला चारशे किलोमीटरहून अधिक वेगाचे आढळले आहेत.

तिसरी वाट क्रिकेट पाहणाऱ्यांना सहज समजेल. समोरून वेगाने येणाऱ्या बॅटवर चेंडू आदळला की तो आला त्यापेक्षा अधिक वेगाने परत जातो. बॅट मागे घेऊन थोपविला तर मंदावतो. चुंबकीय रेषेवरून धावणारा कण रेषेच्या दोन्ही टोकांकडे, जेथे क्षेत्र प्रबळ असते, तेथून परत फिरतो. जणू दोन आरशांमध्ये त्याची ये-जा चालते. ताणलेली रेषा आखडू लागली की हे आरसे एकमेकांजवळ येऊ लागतात. मग प्रत्येक फेरीत कण थोडी थोडी ऊर्जा मिळवितो. एन्रिको फर्मी ह्यांनी १९४९ साली विश्वकिरणांच्या ऊर्जेसंबंधी ही कल्पना मांडली होती. पुच्छातही ती लागू पडते.

चौथी वाट अशी : दोरीला दगड बांधून ती दोरी वेळूच्या पोकळ नळीतून ओवावी, दगड गरगर फिरवावा, आणि खालून दोरी हळूहळू ओढावी. दगडाचे वर्तुळ लहान होते आणि त्याची गती वाढते. कारण ओढणारा हात कार्य करीत असतो. पुच्छातून पृथ्वीकडे वाहून येणारा कण दुबळ्या क्षेत्रातून प्रबळ क्षेत्रात येतो तेव्हा त्याची गिरकी अशीच आवळत जाते. क्षेत्र दहापट झाले तर गिरकीची ऊर्जाही सुमारे दहापट होते. येथे हाताचे काम करते ते बदलत्या चुंबकीय क्षेत्राने उत्पन्न केलेले विद्युत्क्षेत्र.

ह्या वाटा वेगवेगळ्या असल्या तरी कण त्यांतील एकच वाट धरतो असे नाही; एकीवर मिळविलेले भांडवल तो दुसरीवर वाढवितो. म्हणूनच उपवादळाच्या वेळी काही कणांची ऊर्जा लाखो इलेक्ट्रॉन-व्होल्टांपर्यंत जाते. पुच्छाच्या दोन काठांमधील पन्नास हजार व्होल्टांचा स्थिर दाब ह्यासाठी पुरा पडणार नाही. पण बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून प्रवर्तनाने निर्माण होणाऱ्या विद्युत्क्षेत्राला अशी ठरीव मर्यादा नसते. हिशेबातील उरलेली रक्कम येथे सापडते.

ध्रुवीय प्रकाशासाठी मात्र आणखी एक टप्पा असतो. पुच्छात तापलेले इलेक्ट्रॉन रेषांच्या वाटेने ध्रुवीय प्रदेशाकडे येतात, तेव्हा जमिनीपासून काही हजार किलोमीटर उंचीवर त्यांना शेवटचा धक्का मिळतो. काही वेळा तो रेषेच्या दिशेने असलेल्या स्थिर विद्युत्क्षेत्राचा असतो, तर काही वेळा ताणलेल्या तारेप्रमाणे थरथरणाऱ्या चुंबकीय रेषांवरून धावणाऱ्या लाटांचा. ह्या लाटांना त्यांचे भाकीत करणारे स्वीडिश शास्त्रज्ञ, १९७० चे नोबेल पारितोषिक विजेते हानेस आल्फव्हेन ह्यांचे नाव आहे. अशा लाटांवर स्वार होऊन इलेक्ट्रॉन वेग घेतात, हे २०२१ साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत मोजून दाखविले.

आधी काय, मागाहून काय

गलोल नेमकी कोठून सुटते, ह्यावर शास्त्रज्ञांत दीर्घकाळ दोन पक्ष होते. एक पक्ष म्हणे की आरंभ पृथ्वीपासून ६०-७० हजार किलोमीटरवर, थरातील विद्युत्प्रवाह विस्कटल्याने होतो. दुसरा म्हणे की आरंभ त्याच्या दुप्पट अंतरावर, पुनर्जोडणीने होतो. एकाच उपग्रहाने हा वाद सुटणे अशक्य होते. गावात आग लागली तर ती कोणत्या घरापासून पसरली हे एकाच खिडकीतून कसे कळणार? म्हणून १७ फेब्रुवारी २००७ रोजी अमेरिकेने ‘थेमिस’ नावाचे पाच उपग्रह एकाच वेळी सोडले आणि त्यांच्या कक्षा अशा आखल्या की ठरावीक दिवसांनी ते पुच्छात एका ओळीत यावेत. २६ फेब्रुवारी २००८ च्या उपवादळात त्यांनी क्रम टिपला : आधी सुमारे सव्वा लाख किलोमीटरवर पुनर्जोडणी, मग दीड मिनिटाने ध्रुवीय प्रकाशाचा भडका, आणि त्यानंतर पृथ्वीजवळचा विस्कोट. प्रत्येक उपवादळ ह्याच क्रमाने घडते असे एवढ्यावरून ठरत नाही; परंतु त्या दिवसापुरता पुरावा पुनर्जोडणी आधी होते ह्या बाजूचा होता.

पुढे १२ मार्च २०१५ रोजी ‘एमएमएस’ हे चार उपग्रह निघाले. ते एकमेकांपासून कधी कधी सात-आठ किलोमीटर इतक्या जवळून उडतात आणि सेकंदाच्या शंभर भागांपैकी तीन भागांत इलेक्ट्रॉनांची मोजणी पुरी करतात. ११ जुलै २०१७ रोजी त्यांची गाठ पुच्छातील प्रत्यक्ष पुनर्जोडणीच्या जागेशी पडली. तेथे इलेक्ट्रॉनांचे झोत सेकंदाला पंधरा हजार किलोमीटरपर्यंत वेगाने सुटत असल्याचे आढळले. प्रकाशाच्या वेगाचा हा विसावा भाग होय.

अलिबागची नोंद

हे सर्व दूरच्या ध्रुवांचे आणि त्याहून दूरच्या अवकाशाचे झाले. आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो फार जुना आहे. मोठ्या वादळात पुच्छातून आत फेकलेले उर्जस्वल कण पृथ्वीभोवती हजारो किलोमीटरवर एक प्रचंड विद्युत्प्रवाहाचे कडे तयार करतात. ह्या कड्याचे चुंबकत्व पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट असल्यामुळे विषुववृत्ताजवळच्या देशांत चुंबकमापकाचा आकडा खाली येतो. म्हणजे आपल्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसत नसला तरी आपल्या भूमीवरील उपकरणाला पुच्छातील उलथापालथ कळते.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. सप्टेंबर १८५९ च्या महावादळात तेथे सुमारे सोळाशे नॅनोटेस्लांची घट नोंदली गेली. त्या वादळाचे मोजमाप करू पाहणारे जगभरचे अभ्यासक अद्यापही ह्या नोंदीकडे वळतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्रॅम येऊ घातल्या, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील हे ओळखून संचालक नानाभाई मूस ह्यांच्या काळात चुंबकीय वेधशाळा अलिबागला नेण्यात आली. १९०४ पासून तेथे नोंदी सुरू आहेत. शहराची सोय आणि विज्ञानाची गरज ह्यांचा मेळ इतक्या दूरदृष्टीने घातला गेल्याचे उदाहरण विरळा. १० व ११ मे २०२४ च्या वादळात जगभरच्या विषुववृत्तीय नोंदींवरून काढलेली घट चारशे नॅनोटेस्लांच्या घरात गेली, आणि लडाखमधील हान्ले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजावर तांबूस प्रकाश टिपला.

घरापर्यंत पोचणारे परिणाम

पुच्छातील कणांची ऊर्जा ही केवळ कुतूहलाची बाब राहिलेली नाही. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर दूरचित्रवाणीचे व दळणवळणाचे उपग्रह फिरत असतात. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या घरांत मराठी कार्यक्रम पोचतात, हवामानाचा अंदाज येतो, तो पुष्कळसा अशा उपग्रहांमुळे. उपवादळात पुच्छातून सुटलेले कण नेमके ह्याच उंचीवर येऊन पोचतात. ते उपग्रहाच्या अंगावर भार साठवितात. त्यांतील काही पुढे आणखी ऊर्जा मिळवून त्याच्या अंतर्भागातही शिरतात. आणि साठलेला भार ठिणगी होऊन उडाला की यंत्रणा बिघडते. २० जानेवारी १९९४ रोजी कॅनडाचे ‘अनिक’ मालिकेतील दोन उपग्रह अशा रीतीने काही तासांच्या अंतराने बिघडले. एक त्याच दिवशी सावरला, दुसऱ्याला पूर्ववत करण्यास काही महिने लागले. ५ एप्रिल २०१० रोजी ‘गॅलक्सी-१५’ हा उपग्रह आज्ञा मानेनासा झाला आणि डिसेंबरपर्यंत भरकटत राहिला. त्याचाही संबंध त्या दिवशीच्या उपवादळाशी जोडला जातो. १३ मार्च १९८९ रोजी तर जमिनीवरील वीजवाहिन्यांत अनाहूत प्रवाह शिरून कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीजयंत्रणा दीड मिनिटात कोसळली आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले.

सौरवारा पृथ्वीपर्यंत पोचण्याआधीच त्याची चाहूल घेण्याचे काम आता भारताचे ‘आदित्य-एल१’ हे यानही करीत आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरील आपल्या जागी पोचले. परंतु येणाऱ्या वाऱ्याचा वेग व चुंबकीय दिशा कळली तरी काम संपत नाही. पुच्छ किती ताणले गेले आहे आणि ते केव्हा सुटेल, हे आगाऊ सांगता येणे अद्याप बाकी आहे. भूकंपाप्रमाणेच येथेही कारण कळले आहे, पण घटका कळत नाही. आज शाळेत असलेल्या आपल्या मुलांपैकी कोणी ह्या कामाला हात घालावा अशी ही जागा आहे.

पौर्णिमेचा चंद्र

चंद्र दर महिन्याला ह्या पुच्छातून जातो. पौर्णिमेला तो सूर्याच्या विरुद्ध बाजूस असतो. म्हणून साधारणतः शुद्ध त्रयोदशीपासून वद्य द्वितीयेपर्यंत त्याचा मुक्काम पृथ्वीच्या पुच्छात असतो. ‘चांद्रयान-२’ वरील उपकरणाने २०१९ साली ह्या मुक्कामात तेथील विद्युत्भारित कणांची नोंद केली. त्याहूनही नवल ‘चांद्रयान-१’ च्या नोंदींतून निघाले. चंद्रावर सौरवाऱ्यातील प्रोटॉनांमुळे अल्प प्रमाणात पाणी तयार होते असे मानतात. पुच्छात शिरल्यावर सौरवारा जवळजवळ अडतो. तेव्हा पाणी तयार होणे थांबावयास हवे होते. परंतु २००८-०९ मधील त्या नोंदी पुन्हा तपासून हवाई विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ साली दाखविले की ते थांबत नाही, जवळजवळ पूर्वीच्याच गतीने चालू राहते. पुच्छातील मधल्या थराचे उर्जस्वल इलेक्ट्रॉन ह्याला हातभार लावीत असावेत, असे त्यांचे अनुमान आहे.

कोजागरीच्या रात्री आटीव दुधाच्या पातेल्यात ज्याचे बिंब आपण पाहतो, तो चंद्र त्या क्षणी पृथ्वीच्याच अदृश्य पुच्छात उभा असतो. मुलांना दुधाचा पेला हाती देताना एवढी गोष्ट सांगितली, तर विज्ञान हे केवळ परीक्षेपुरते नसून अंगणातून दिसणाऱ्या आकाशाचेही आहे, हे त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही.